उसनी चौकट, घरचा मजकूर

साताऱ्याच्या जिल्हा प्रशासनाचे संकेतस्थळ उघडावे आणि शेजारच्या टॅबमध्ये दिल्लीला खेटून असलेल्या गाझियाबादचे. मग हवे तर पुणे, नागपूर, गुरुग्राम, फरीदाबाद. वर राजमुद्रा, तिच्या शेजारी जिल्ह्याचे नाव, खाली सरकणारी मोठी छायाचित्रे, कोपऱ्यात अक्षर लहान-मोठे करण्याची सोय, तळाशी मजकूर कोणाच्या मालकीचा आहे हे सांगणारी ओळ. नावे आणि फोटो तेवढे वेगळे. वेगवेगळ्या घरांतल्या पोरांनी एकाच शाळेचा गणवेश घालून रांगेत उभे राहावे, तसे हे जिल्हे दिसतात.

या गणवेशाचे कापड दिल्लीत बेतले जाते. लोधी रस्त्यावरच्या सीजीओ कॉम्प्लेक्समध्ये राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचे, म्हणजे सगळे ज्याला नुसते ‘एनआयसी’ म्हणतात त्या संस्थेचे मुख्यालय आहे. १९७६ मध्ये सुरू झालेल्या या संस्थेची कार्यालये जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत आणि सरकारी संकेतस्थळांचा मोठा भार तिच्याच खांद्यावर आहे. जिल्ह्यांची ही पाने तिच्या ‘एसथ्रीवास’ नावाच्या व्यवस्थेवर चालतात. नावातले तीन एस म्हणजे सिक्युअर, स्केलेबल आणि सुगम्य. दोन इंग्रजी शब्दांच्या पंगतीत तिसरा संस्कृत शब्द बसवण्याची ही सरकारी हातोटी दाद देण्यासारखी आहे.

व्यवस्थेमागचा विचार साधा आहे. पानाची चौकट, म्हणजे रंग, मांडणी, मेन्यू, छपाईचे बटण वगैरे, एका ठिकाणी ठेवायची. जिल्ह्याने ठरावीक नमुन्यांतून आपल्याला हवा तो निवडायचा आणि त्यात आपला मजकूर भरायचा. चौकटीत चूक सापडली तर ती मुळात दुरुस्त करता येते. जिल्ह्याजिल्ह्याच्या संगणकतज्ज्ञाला फोन लावत बसावे लागत नाही. सरकारी संकेतस्थळे कशी असावीत याची मार्गदर्शक तत्त्वे केंद्र सरकारने २००९ मध्येच काढली होती. अंध व्यक्तीला पान ऐकता यावे, माउसशिवाय कळफलकावरून फिरता यावे, अशा गोष्टी त्यांत होत्या. पण नियम कागदावर असणे आणि शेकडो जिल्ह्यांच्या शेकडो वेगवेगळ्या साइट्सनी ते पाळणे यांत बरेच अंतर असते. चौकट सामायिक केली की ते अंतर पुष्कळ कमी होते.

या सामायिकपणाची खूण व्हॉट्सअ‍ॅपवरही दिसते. एखाद्या जिल्ह्याच्या भरतीची जाहिरात पीडीएफच्या दुव्यासह फिरत येते, तेव्हा त्या दुव्याच्या सुरुवातीला बहुतेक वेळा जिल्ह्याचे नाव नसते. ‘सीडीएन एसथ्रीवास’ असा पत्ता असतो आणि पुढे अक्षरे-आकड्यांची लांबलचक, अर्थहीन माळ. उमेदवार बिचकतात, हे खोटे तर नाही ना म्हणून. खोटे नसते. कागद जिल्ह्याचा आणि कपाट दिल्लीच्या व्यवस्थेचे, एवढाच त्याचा अर्थ.

हे झाले सरकारचे. पण नेमकी हीच कल्पना, फार हलक्या अंगाने, हौजखासच्या वसतिगृहात किंवा नोएडातल्या भाड्याच्या खोलीत लॅपटॉप घेऊन बसलेला कोणीही वापरू शकतो. त्यासाठी स्वतःचा सर्व्हर लागत नाही, डेटाबेस लागत नाही आणि पैसेही लागत नाहीत. लागतो तो ‘स्टॅटिक साइट जनरेटर’ आणि दूरवर कोणीतरी ठेवलेली एक थीम.

हा जनरेटर म्हणजे काय, ते समजून घ्यायला जुन्या दिल्लीत जावे. जामा मशिदीच्या पाठीमागून निघणारा चावडी बाजार हा कागदाचा आणि लग्नपत्रिकांचा मोठा बाजार. इथे वधूवरांची नावे ठरायच्या आधीच पत्रिका तयार असतात. गणपती, सोनेरी वेल, मखमली पाकीट, सगळे छापलेले, फक्त मधली जागा कोरी. गिऱ्हाईक नमुना निवडते, मजकूर देते आणि छापखाना त्या कोऱ्या जागेत नावे-तारखा उमटवतो. थीम ही ती कोरी पत्रिका. साध्या फायलींत लिहून ठेवलेला मजकूर म्हणजे गिऱ्हाइकाचा कागद. दोन्ही एकत्र करून पाने छापून देणारा छापखाना म्हणजे जनरेटर.

‘स्टॅटिक’ शब्दाचे मर्म इथेच आहे. एरवीच्या अनेक साइट्स वाचक आला की त्याच्यासाठी पान त्या क्षणी रचतात: डेटाबेसला विचारा, मजकूर आणा, चौकटीत बसवा, पाठवा. स्टॅटिक साइटवर हे काम आधीच उरकलेले असते. वाचक येतो तेव्हा छापील पत्रिका त्याच्या हातात पडते. त्यामुळे अशी साइट वेगाने उघडते, फुकट ठेवता येते आणि तिच्यात घुसायला चोराला फारशी दारे सापडत नाहीत.

प्रोग्रामचा कोड ठेवण्या-वाटण्याच्या ‘गिटहब’ या संकेतस्थळाच्या संस्थापकांपैकी एक, टॉम प्रेस्टन-वॉर्नर, याने २००८ मध्ये ‘जेकिल’ हा असा जनरेटर लिहिला. त्याच वर्षाच्या अखेरीस गिटहबने तो वापरून पाने फुकट ठेवण्याची सोय, ‘गिटहब पेजेस’, सुरू केली. साइट १ जीबीपर्यंत, महिन्याची वाहतूक साधारण १०० जीबीपर्यंत, अशी आजची मर्यादा आहे. एखाद्या मराठी मंडळाने ती ओलांडायची म्हटले तर गणेशोत्सवात सगळा महाराष्ट्र लोटावा लागेल. पुढे २०१३ मध्ये स्टीव्ह फ्रान्सिया याचा ‘ह्यूगो’ आला आणि हजारो पाने काही सेकंदांत छापून देऊ लागला.

पहिली काही वर्षे थीम मिळवण्याचा मार्ग एकच होता: आवडलेल्या साइटचा सगळा पसारा आपल्याकडे नकलून घ्यायचा आणि त्यातला दुसऱ्याचा मजकूर पुसून आपला लिहायचा. हा मार्ग आजही चालू आहे. संशोधकांमध्ये जगभर लोकप्रिय असलेली ‘अल-फोलिओ’ ही मारुआन अल-शेदिवात यांची थीम बहुतेक जण अशीच उचलतात. तिच्यात नमुन्यादाखल आइन्स्टाइनचे शोधनिबंध भरलेले असतात. ते काढायचे राहिले, तर पीएचडीच्या दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याच्या खात्यावर आइन्स्टाइनचे काम झळकते! हा विनोद बाजूला ठेवला तरी नकलेची खरी अडचण पुढेच आहे. मूळ थीममधली एखादी चूक तिच्या लेखकाने सुधारली, तर ती सुधारणा नकलेत आपोआप येत नाही. नक्कल केली त्या दिवशी तिची नाळ तुटलेली असते. सुधारणा हाताने आणायची म्हटली, तर तोवर नकलणाऱ्याने तिच्यात इतके फेरफार केलेले असतात की नवे काय आणि आपले काय हे निवडणे म्हणजे तांदळातले खडे वेचण्याचे काम.

नोव्हेंबर २०१७ मध्ये गिटहबने यावर तोडगा काढला. त्याआधी गिटहब पेजेसवर न नकलता वापरता येतील अशा अधिकृत थीम डझनभरच होत्या. आता बेन बाल्टर यांनी लिहिलेल्या एका छोट्या प्लगिनमुळे गिटहबवर खुली ठेवलेली कोणाचीही जेकिल थीम जिथे आहे तिथूनच वापरता येऊ लागली. साइटच्या कॉन्फिग फायलीत एक ओळ लिहायची: ‘रिमोट थीम’, पुढे थीमच्या मालकाचे नाव, तिरकी रेघ आणि थीमचे नाव. बस्स. मजकुराच्या चार फायली आणि ही ओळ, एवढ्यावर भरदार साइट उभी राहते.

पडद्यामागे काय होते तेही पाहण्याजोगे आहे. साइट छापण्याची वेळ आली की प्लगिन थीमची झिप फाइल उतरवून घेते, तात्पुरत्या जागी उलगडते आणि तिच्यातले साचे, सुटे तुकडे, स्टाइलचे नियम आणि चित्रे साइटच्या खाली अंथरते. वर साइटच्या स्वतःच्या फायली. दोन्हीकडे एकाच नावाची फाइल असली तर घरची जिंकते. थीमचा तळपट्टा आवडला नाही? त्याच नावाची फाइल आपल्याकडे करा, तेवढाच तळपट्टा बदलतो. बाकीचे घर भाड्याचेच राहते, एका भिंतीला फक्त आपला रंग.

पण भाड्याच्या घरातही करारनामा वाचावा लागतो. थीमच्या लेखकाने वेगळ्या डेटा फायलींत ठेवलेले शब्द, उदाहरणार्थ ‘पुढे वाचा’, ‘मागील पान’ अशी बटणांवरची अक्षरे, या मार्गाने येत नाहीत. ‘मिनिमल मिस्टेक्स’ या मायकेल रोझ यांच्या गाजलेल्या थीममध्ये अशी फाइल आहे आणि ती वेगळी आणून ठेवावी लागते. नवखा माणूस इथे हमखास अडखळतो. पान उघडते, बटणे दिसतात आणि त्यांच्यावर काहीच लिहिलेले नसते.

त्याहून महत्त्वाचा प्रश्न आवृत्तीचा. ओळीत नुसते थीमचे नाव असेल, तर दर वेळी छपाईला थीमचे त्या दिवशीचे ताजे रूप येते. लेखकाने रात्री काही बदलले असेल, तर सकाळी एक स्वल्पविराम सुधारायला गेलेल्या माणसाला सगळी मांडणी हललेली दिसते. उपाय फुकटचा आहे: नावापुढे ‘अ‍ॅट’चे चिन्ह टाकून आवृत्तीचा आकडा लिहायचा. म्हणजे चावडी बाजारच्या दुकानदाराला नमुना क्रमांक सांगून ठेवल्यासारखे झाले, ‘यातले नवीन काय आलेय ते पाठवा’ नव्हे. अधिक सावध लोक आकड्याऐवजी त्या क्षणाच्या बदलाची लांब खूणगाठ लिहितात. कारण आकड्याची चिठ्ठी मालक दुसऱ्या मालावर चिकटवू शकतो, खूणगाठ मात्र मालातूनच तयार झालेली असते. मालकाने खाते बंद केले आणि तेच नाव कोणी भलत्यानेच घेतले, अशा वेळी ही गाठ कामी येते.

ह्यूगोच्या जगात हीच गोष्ट दोन प्रकारे चालते. एक गिटची सबमॉड्यूल पद्धत, म्हणजे दुसऱ्याचे भांडार आपल्या भांडारात नेमक्या खूणगाठीसह जोडून ठेवणे. कुबरनेटीस या जगभर वापरल्या जाणाऱ्या प्रणालीचे माहितीस्थळ ह्यूगोवर चालते. गूगलमध्ये जन्मलेली ‘डॉक्सी’ थीम तिथे याच पद्धतीने जोडलेली आहे, आणि त्याच चौकटीत इंग्रजीबरोबर हिंदीसह अनेक भाषांचे मजकूर ओतले जातात. दुसरी पद्धत २०१९ मध्ये आलेल्या ह्यूगो मॉड्यूल्सची. तिच्यात कोणती थीम, कोणती आवृत्ती आणि तिची खूणगाठ यांची नोंद आपोआप ठेवली जाते. ह्यूगोच्या सर्वांत लोकप्रिय थीमांपैकी एक आहे ‘पेपरमॉड’. गिटहबवर तिला दहा हजारांहून अधिक तारे मिळाले आहेत आणि तिचा लेखक आहे आदित्य तेलंगे. हे आडनाव वाचून मराठी वाचकाची भुवई जराशी उंचावली तर तो गुन्हा नाही.

आता ‘दूरची थीम’ म्हटले की सामान्य माणसाच्या मनात पहिली शंका येते: त्या दूरच्या माणसाने दुकान बंद केले तर? स्टॅटिक साइटच्या बाबतीत उत्तर दिलासा देणारे आहे. थीम येते ती छपाईच्या वेळी. पत्रिका छापून पाहुण्यांकडे पोचल्या, त्यानंतर गोदामाला कुलूप लागले तरी पाहुण्यांच्या हातातली पत्रिका कोरी होत नाही. थीम गायब झाली तर छापलेली साइट तशीच चालू राहते, अडते ती पुढची छपाई.

खरा धोका वेगळ्याच ठिकाणी असतो आणि तो थीमच्या पोटात दडलेला असतो. अनेक थीम पान उघडताना, म्हणजे वाचकाच्या ब्राउझरमधून, आणखी तिसऱ्या ठिकाणाहून काही मागवतात: फॉन्ट, छोटी चिन्हे, गणिताची सूत्रे दाखवणारी स्क्रिप्ट. ही पत्रिका अशी की प्रत्येक पाहुण्याने ती उघडताना गोदामाला फोन लावावा. तिथे फोन कोण उचलेल याचा भरवसा नाही. ‘पॉलिफिल’ या नावाची एक सेवा जुन्या ब्राउझरांना नवी कौशल्ये पुरवायची, आणि लाखाहून अधिक साइट्स तिची स्क्रिप्ट थेट तिच्या पत्त्यावरून घेत होत्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये तो पत्ता ‘फननल’ नावाच्या चिनी कंपनीच्या हाती गेला. जूनमध्ये उघड झाले की त्या स्क्रिप्टमधून मोबाइलवरच्या काही वाचकांना सट्ट्याच्या साइटकडे वळवले जात होते. मूळ प्रकल्पाचे जनक अँड्र्यू बेट्स यांनी विक्रीनंतर लगेच ‘ती काढून टाका’ म्हणून सांगितले होते. ऐकले थोड्यांनी. आपली साइट त्या पत्त्यावर विसंबून आहे हे कित्येकांच्या गावीही नव्हते.

फॉन्टचेही तसेच. जानेवारी २०२२ मध्ये म्युनिकच्या न्यायालयाने एका साइटच्या चालकाला १०० युरो भरपाई द्यायला लावली. साइट गूगलचे फॉन्ट थेट गूगलकडून मागवत होती आणि त्यात वाचकाचा आयपी पत्ता त्याच्या संमतीवाचून तिकडे जात होता, हे कारण. फॉन्टची फाइल स्वतःच्या साइटवर ठेवली असती तर प्रश्नच उद्भवला नसता. तेव्हा थीम निवडताना तिचे देखणेपण पाहून झाले की ब्राउझरमध्ये पानाचा स्रोत उघडून त्यात परके पत्ते किती आहेत ते मोजावेत. दहा मिनिटांचे काम आहे.

मराठी साइटसाठी मात्र याहून जवळचा एक तिढा आहे, आणि तो थीम देणाऱ्यांच्या ध्यानीमनीही नसतो. बहुतेक थीम रोमन लिपी डोळ्यांसमोर ठेवून बेतलेल्या असतात. समजा, नोएडातल्या एखाद्या मराठी मंडळाने अशी थीम जोडली आणि पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत ‘गणेशोत्सव’ लिहिले. रोमन शीर्षके ऐसपैस दिसावीत म्हणून थीमने अक्षरांमध्ये अंतर सोडलेले असते. इंग्रजीला ते शोभते. देवनागरीत त्याच अंतराने शिरोरेषा जागोजाग तुटते आणि ‘गणेशोत्सव’ दात पडल्यासारखा दिसू लागतो. शीर्षकाच्या दोन ओळींत रोमनपुरती जागा असते, तिथे वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीची वेलांटी एकमेकांना भिडतात. शब्द कॅपिटलमध्ये दाखवण्याचा नियम तर देवनागरीपुढे नुसताच हात जोडून उभा राहतो.

दिल्लीत आणखी एक गुंता असतो. थीमच्या यादीत ‘हिंदी’ सापडते आणि लिपी एकच, मग काय फरक पडतो, असे म्हणून तीच निवडली जाते. फरक पडतो. महाराष्ट्र शासनाने २००९ च्या निर्णयात मराठीसाठी पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ पसंत केले. हिंदीतली त्यांची प्रचलित वळणे वेगळी आहेत. काही फॉन्टांच्या पोटात दोन्ही वळणे असतात, आणि पानाची भाषा कोणती लिहिली आहे ते पाहून ब्राउझर त्यांतले एक निवडतो. पानाच्या माथ्यावर भाषेची खूण ‘एमआर’ असेल तर मराठी वळण, ‘एचआय’ असेल तर हिंदी. आणि थीमने सरसकट ‘ईएन’ लिहून ठेवले असेल, तर पान वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर मराठी मजकुराला इंग्रजी आवाज लावू पाहते. ज्यांना ऐकून वाचायचे आहे त्यांची त्यात दैना होते. तारखांची गत अशीच: जेकिल महिन्यांची नावे स्वतःहून इंग्रजीतच छापतो.

यातल्या प्रत्येक गोष्टीला उत्तर आहे आणि ते ‘घरची फाइल जिंकते’ या एकाच नियमात आहे. आपल्या स्टाइलच्या फायलीत आधी थीमची स्टाइल बोलावून घ्यायची आणि तिच्याखाली चारपाच ओळी लिहायच्या: अक्षरांतले अंतर शून्य, ओळींची उंची वाढवलेली, फॉन्ट देवनागरीचा. मुंबईच्या ‘एक टाइप’ने केलेला ‘मुक्त’ खुल्या परवान्याचा आहे, तो आपल्याच साइटवर ठेवता येतो. कॉन्फिगमध्ये भाषा मराठी. तारखेचा सुटा तुकडा आपल्याकडे घेऊन त्यात बारा महिन्यांची मराठी नावे. घरच्या फायली जितक्या थोड्या तितके बरे. थीमचा सगळा साचाच उचलून बदलला, तर आपण पुन्हा त्या जुन्या नकलेच्या मुक्कामी येतो.

सरकारी गणवेशाला अशी मोकळीक नाही, आणि त्याचा कल तर आणखी एकसारखेपणाकडे आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये केंद्रीय इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने सरकारी संकेतस्थळांचे रंग, अक्षरवळणे आणि चिन्हे ठरवून देणारी ‘डिजिटल ब्रँड आयडेंटिटी’ पुस्तिका आणली. मंत्रालयाचे म्हणणे पटण्यासारखे आहे: नागरिकाला खरी सरकारी साइट पाहताक्षणी ओळखू यावी. शिवाय जिल्ह्याच्या साइटवर कोणी कलाकुसर पाहायला जात नाही, सातबारा आणि भरती पाहायला जातो. मंडळाची गोष्ट वेगळी, तिथे रंग मंडळाचाच हवा.

तर नोएडातल्या त्या कल्पित मंडळाकडे परत. साइट करून देणारा मुलगा नोकरीनिमित्त बेंगळुरूला जातो. पुढच्या भाद्रपदाच्या तोंडावर काम नव्या मुलीकडे येते. कॉन्फिगमध्ये तिला आवृत्तीचा आकडा सापडतो, थीम दरम्यान तीन पायऱ्या पुढे गेलेली. ती आकडा बदलते आणि पाने आधी आपल्या लॅपटॉपवर छापून बघते. पहिले पान ठीक. शिरोरेषा अखंड. आरतीच्या वेळा, वर्गणीचा तपशील, सगळे जागच्या जागी. फक्त नव्या आवृत्तीत थीमच्या लेखकाने तारखेच्या तुकड्याचे नाव बदललेले असते, त्यामुळे घरची फाइल आता कोणाला हरवतच नाही, आणि विसर्जनाच्या दिवशीचा ‘सप्टेंबर’ पुन्हा इंग्रजीत गेलेला असतो.